मिथ्रासच्या पंगतीतली माणसं

ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाला, आजच्या क्लागनफुर्ट शहराजवळ, रोमन काळात विरुनुम नावाचं शहर होतं. नोरिकुम प्रांताचा कारभार तिथून चाले. 1992 मध्ये तिथे ब्राँझचा एक कोरीव पत्रा सापडला. त्यावर देवाचं चित्र नाही, स्तोत्र नाही, मंत्र नाही. वर दोन-तीन ओळींचा मजकूर आहे आणि खाली नावं, रकान्यांमागून रकाने.

मजकूर असा सांगतो की मिथ्रास या अजिंक्य देवाचं देऊळ कोसळलं होतं, ते या मंडळींनी पदरमोड करून पुन्हा उभारलं आणि सम्राट कोमोडसच्या कल्याणासाठी देवाला अर्पण केलं. पहिली नावं 34. मग एक तारीख येते, ती आपल्या हिशेबाने 26 जून 184. त्या दिवशी हे सगळे ‘मृत्यूच्या कारणाने’ एकत्र जमले. पूर्वेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या फौजांबरोबर 165 च्या सुमारास एक भयंकर साथ रोमन साम्राज्यात शिरली होती आणि पुढची कित्येक वर्षं ती मधूनमधून डोकं वर काढत होती. ही बैठक त्या साथीत गेलेल्यांसाठी असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मूळ यादीतल्या पाच नावांपुढे ग्रीक ‘थीटा’ कोरलेला आहे. माणूस वारला की रोमन लोक याद्यांमध्ये हीच खूण करत.

पत्रा तिथेच थांबत नाही. पुढच्या वर्षांत नवी नावं येत गेली. अक्षराचं वळण बदलतं, कुठे दाटी होते, कुठे हात घसरतो. साधारण 201 सालापर्यंत नावांची संख्या 98 वर गेली. म्हणजे पाच माणसं गेली, उरलेल्यांनी दार लावून घेतलं नाही. दरवर्षी दोन-चार नवी माणसं आत घेतली आणि प्रत्येकाचं नाव धातूत कोरून ठेवलं.

मिथ्रासबद्दल मी बरंच वाचलं आहे. त्यातलं बहुतेक लिखाण बैल, विंचू, तारे आणि राशी यांच्या कोड्याभोवती फिरतं. ते कोडं मोहक आहे, नाकारत नाही. पण विरुनुमच्या त्या यादीची ओळख झाल्यापासून माझं मन त्या माणसांपाशी अडकलं. या पंथाचा एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. शत्रूंनी लिहिलेल्या काही ओळी आहेत, तत्त्वज्ञांची काही निरीक्षणं आहेत. भक्तांनी स्वतः मागे ठेवलं ते म्हणजे दगडांवरचे नवस, भिंतींवरचे खर्चाचे आकडे आणि नावं. त्यामुळे या देवाचं तत्त्वज्ञान आपल्याला धूसर दिसतं, पण त्याचे भक्त कोण होते, काय काम करत होते, कुणाच्या हाताखाली होते, हे फार जवळून दिसतं. मला हे नुकसान वाटत नाही.

आधी देवाबद्दल थोडं. जवळजवळ प्रत्येक देवळात समोरच्या भिंतीवर तेच शिल्प किंवा चित्र असायचं. टोकाशी पुढे वळलेली टोपी घातलेला तरुण, वाऱ्यावर फुगलेलं उपरणं, एक गुडघा बैलाच्या पाठीवर. डाव्या हाताने त्याने बैलाच्या नाकपुड्या धरून मान मागे खेचली आहे आणि उजव्या हाताने खांद्यापाशी सुरी खुपसली आहे. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू बैलाच्या अंडाला डसतो, वर कावळा बसलेला. बैलाच्या शेपटीच्या टोकाला गव्हाची लोंबी फुटलेली. दोन बाजूंना दोन मशालधारी, एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली. कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो देव बऱ्याच शिल्पांत बैलाकडे बघतच नाही. त्याने मान वळवून घेतलेली असते. त्या वळलेल्या मानेत मला नेहमी नाइलाजाने पार पाडलेलं कर्तव्य दिसतं. हे माझं वाचन. हुकमाखाली जगणाऱ्या माणसांनाही ते तसं दिसत असेल, असं मला मनापासून वाटतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येणारच. सूर्यनमस्कार घालताना पहिलंच नाव आपण ‘मित्राय नमः’ असं घेतो. तो मित्र आणि हा मिथ्रास एकच का? नावाचं मूळ एक आहे. ऋग्वेदात मित्र वरुणाच्या जोडीने येतो, आणि ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातल्या हित्ती-मितान्नी तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवलं आहे. इराणात तो मिथ्र झाला. पण बैल मारणारा, गुहेत पुजला जाणारा, सात पायऱ्यांची दीक्षा देणारा हा देव ना ऋग्वेदात भेटतो ना इराणी स्तोत्रांत. नाव पूर्वेचं, टोपी इराणी, पण हा पंथ घडला तो रोमन साम्राज्यात, पहिल्या शतकाच्या अखेरीस, आणि घडवला तो रोमन साम्राज्याच्या नोकरदारांनी. म्हणून या साम्याचं मला कौतुक असलं तरी त्यावर मी फार भार टाकणार नाही.

नोकरदार हा शब्द मी विचार करून वापरला. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात बैल मारणाऱ्या मिथ्रासचं एक संगमरवरी शिल्प आहे. आजवर मिळालेल्या अशा शिल्पांपैकी अगदी सुरुवातीचं. ते दिलं अल्किमुस नावाच्या गुलामाने. ट्रेजन सम्राटाच्या काळात रक्षक दलाचा प्रमुख असलेल्या तिबेरियुस क्लाउडियुस लिवियानुसचा तो दिवाणजी होता. मालक साम्राज्यातल्या सर्वांत ताकदवान माणसांपैकी एक, आणि दगडावर नाव मात्र त्याच्या गुलामाचं. लेखात या पंथात शेकडो वेळा भेटणारे शब्द येतात: नवस फेडला.

काय मागितलं होतं अल्किमुसने? दगड ते सांगत नाही. नवस फेडणारी माणसं देवाने काय दिलं हे सहसा लिहीत नाहीत, दिलं एवढंच लिहितात.

स्लोव्हेनियात द्रावा नदीकाठी प्तुय नावाचं सुंदर गाव आहे. रोमन काळात ते पोएतोविओ. इल्लिरिकुमच्या जकातीचं मुख्य केंद्र तिथे होतं. एड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून डॅन्यूबपर्यंतच्या मालावरची जकात मक्त्याने दिलेली असे. मक्तेदार मोठे श्रीमंत, पण नाक्यांवरचं रोजचं काम बघायचे ते त्यांचे गुलाम. हिशेब ठेवणं, गाड्या तपासणं, पैसे मोजून पाठवणं. त्या गुलामांच्या हाताखालीही पुन्हा गुलाम असत, म्हणजे गुलामाचा दुय्यम. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या जकातवाल्यांनी पोएतोविओला मिथ्रासचं देऊळ बांधलं, आणि त्यातल्या दोन लेखांनी मला अक्षरशः हलवलं.

एका दगडावर प्रुदेन्स नावाचा माणूस स्वतःची ओळख देतो: मक्तेदार अंतोनियुस रूफुसच्या नाक्यावरचा कारभारी प्रिमुस, त्या प्रिमुसचा दुय्यम. दुसऱ्या दगडावर फेलिक्स नावाचा माणूस लिहितो: अंतोनियुस रूफुसचा कारभारी प्रुदेन्स, त्याचा दुय्यम. दोन्ही दगड शेजारी ठेवले की प्रुदेन्सची बढती डोळ्यांसमोर उभी राहते. कुणाच्या तरी हाताखाली असलेला माणूस आता कारभारी झालाय, आणि त्याच्याही हाताखाली कुणीतरी आलाय. तो हाताखालचाही त्याच देवळात येतोय. साहेबाने आणला असेल, किंवा साहेब जातो म्हणून गेला असेल. पण फेलिक्सने आपला दगड देताना एक कारण नोंदवलं आहे, आणि ते साहेबाचं नाही. मिथ्रास ज्या खडकातून जन्मला त्या ‘जन्मदात्या खडकाला’ त्याने हे अर्पण केलं, कारण त्याला दृष्टान्त झाला होता.

कायद्याच्या दृष्टीने जो माणूसच नव्हता, वस्तू होता, त्याला देवाने दर्शन दिलं, आणि ते त्याने दगडावर कोरून ठेवलं.

या बदलीवरच्या माणसांबरोबरच देव हिंडला. काळ्या समुद्राच्या बाजूला, खालच्या डॅन्यूबवर नोवाए इथे साधारण 100 सालाच्या सुमाराचा एक नवस आहे, तोही जकातीच्या मक्तेदाराच्या गुलामाचा. जवळपास त्याच काळात व्हिएन्नाच्या पूर्वेला कार्नुन्तुमच्या छावणीत पंधराव्या लीजनचा, म्हणजे रोमन फौजेतल्या मोठ्या तुकडीचा, शतकाधिपती सासिदियुस बार्बारुस मिथ्रासला वेदी अर्पण करतो. लंडनमध्ये 1889 साली सापडलेल्या शिल्पावर दुसऱ्या लीजनमधून निवृत्त झालेल्या उल्पियुस सिल्वानुसचं नाव आहे, त्यात आजच्या फ्रान्समधल्या ओरांजचा उल्लेख येतो. या पंथाचे प्रचारक कुठे भेटत नाहीत, चौकात उभं राहून प्रवचन देणारा कुणी दिसत नाही. दिसतात ती बदलीचे हुकूम निघालेली माणसं. नव्या गावी पोचल्यावर ती ओळखीची खोली शोधत असणार, नसेल तर बांधत असणार.

ती खोली कशी होती? लांबट, अरुंद, शक्यतो जमिनीखाली किंवा निदान खिडक्यांविना. तिला ते गुहाच म्हणत. मिथ्रासने बैल गुहेत मारला म्हणून, आणि गुहा म्हणजे विश्वाचीच प्रतिमा म्हणून. कधीकधी छतावर तारे रंगवलेले असत. मधोमध चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना भिंतीला लागून उंच कट्टे. त्या कट्ट्यांवर भक्त रेलून बसत, समोरासमोर दोन रांगांत, आणि मधल्या वाटेने वाढपी फिरत. आपल्याकडच्या पंगतीचीच ही बैठक. समोरच्याचं पान दिसतं, त्याचा चेहराही दिसतो, आणि कोण आलं नाही ते लगेच कळतं. अशा खोलीत वीस, तीस, फार तर चाळीस माणसं मावत. भक्त वाढले तर खोली मोठी करण्यापेक्षा दुसरी काढायची, असा रिवाज दिसतो. रोमच्या बंदरात, ओस्तियात, अशा 18 च्या आसपास जागा सापडल्या आहेत. व्यापारी, गोदामवाले, बांधकामवाले आणि दास्यातून सुटून स्वतःच्या पायावर उभे राहिलेले कितीतरी लोक तिथे जमत.

जेवण हा या भक्तीचा गाभा होता, याबद्दल मला शंका उरलेली नाही. बेल्जियममधल्या तिनेन इथे देवळाशेजारच्या खड्ड्यांत एकाच मेजवानीचे अवशेष सापडले. दोनशेहून जास्त कोंबडे, शिवाय कोकरं आणि डुकराची पिल्लं, आणि फोडून टाकलेली भांडी. हाडांवरून काळ निघाला तो जूनच्या अखेरीचा, ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसांचा. सीरियात युफ्रेटीस नदीवरच्या दुरा-युरोपोसमध्ये पाल्मिराच्या तिरंदाजांनी 168 च्या सुमारास मिथ्रासचं ठाणं स्थापन केलं. तिथल्या भिंतींवर प्रार्थनांच्या आणि मंडळींच्या नावांच्या शेजारी सामानाची यादी खरडलेली आहे: मांस, दारू, तेल, सरपण, आणि पुढे किमती. ज्याच्याकडे हिशेब होता त्याने तो देवाच्या भिंतीवर मांडला, यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मला त्याचं फार बरं वाटतं.

आत शिरणं मात्र सोपं नव्हतं. इटलीत कापुआच्या देवळातल्या चित्रांत दीक्षा घेणारा माणूस नागवा आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, गुडघे टेकलेले आहेत, आणि मागे उभा असलेला त्याला पुढे ढकलतोय. दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या: कावळा, नवरी-नवरदेव दोन्ही सुचवणारी निम्फुस, सैनिक, सिंह, पारसिक, सूर्याचा धावक आणि शेवटी पिता. ओस्तियात फेलिसिस्सिमुस नावाच्या भक्ताने नवस म्हणून केलेल्या जमिनीवर या पायऱ्या काळ्या-पांढऱ्या खड्यांत एकामागून एक मांडल्या आहेत, आणि देवापाशी जायचं तर त्यांवरूनच चालत जावं लागतं. तिसऱ्या पायरीची रीत ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियानने नोंदवली आहे. तलवारीच्या टोकावर मुकुट पुढे केला जाई. भक्ताने तो डोक्यावरून हाताने बाजूला सारायचा आणि म्हणायचं, माझा मुकुट मिथ्रास. त्यानंतर त्याने आयुष्यात कधी मुकुट घालायचा नाही. पलटणीत बक्षीस म्हणून मुकुट मिळत असताना हे सांभाळणं सोपं नसणार.

या पायऱ्यांकडे बघताना मी दोन मनांत सापडते. एकीकडे असं वाटतं की आयुष्यभर दुसऱ्याने ठरवलेल्या उतरंडीत जगणाऱ्या माणसाला इथे जन्म आडवा येत नव्हता. दास्यातून सुटलेला माणूस पिता होऊ शकत होता आणि तसे झालेलेही दिसतात. दुसरीकडे, ही शेवटी उतरंडच. या देवाने कुणालाही बंड करायला शिकवलं नाही. भक्त सम्राटाच्या कल्याणासाठी, कधी मालकाच्या कल्याणासाठी नवस बोलतात. आज्ञा पाळायची, पायरी चढायची, शब्द मोडायचा नाही. साम्राज्याला असे नोकर हवेच होते. तरीही फेलिक्सला कुणी साखळी तोडायला शिकवलं नाही म्हणून त्याच्या दृष्टान्ताची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. त्याला तिथे आपला असा एक हात हातात मिळत होता. हे भक्त स्वतःला ‘हात मिळवलेले’ म्हणवत. रोममधल्या एका लेखात प्रोफिसेन्तियुस नावाचा पिता लिहितो की देवाच्या सांगण्यावरून त्याने ही गुहा बांधली, हात मिळवलेल्यांना इथे कायम आनंदाने नवस साजरे करता यावेत म्हणून. त्यातला तो ‘आनंदाने’ मला सोडत नाही.

आणि स्त्रिया नव्हत्या. या पंथात त्यांना प्रवेश नव्हता, आणि हे मला वाचताना दरवेळी बोचतं. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीवरच्या कॅराबर्ग इथे उभं राहिल्यावर ते जास्तच जाणवलं. ओलसर, दलदलीचा सखल भाग, मेंढ्यांची कुरणं, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीच्या भिंतींची एक छोटीशी जागा. 1949 च्या कोरड्या उन्हाळ्यात जमीन खचली तेव्हा वेद्यांचे माथे वर आले आणि पुढच्या वर्षी उत्खनन झालं. लाकडी खांबांच्या जागी आता सिमेंटचे खांब उभे केले आहेत. टोकाला तीन वेद्यांच्या प्रतिकृती, त्यांच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेली नाणी. दाराजवळच्या दालनात चुलीशेजारी माणूस आडवा मावेल एवढा खड्डा होता, बहुधा दीक्षेच्या परीक्षेसाठीचा.

तिन्ही वेद्या बटावियन पलटणीच्या तीन सेनाधिकाऱ्यांच्या. सिम्प्लिकियुस सिम्प्लेक्सच्या वेदीवर देवाच्या डोक्यामागचे किरण आरपार कोरलेले आहेत, आणि पाठीमागे दिवा ठेवायला कोनाडा आहे. खिडकी नसलेल्या त्या खोलीत, उत्तरेच्या लांबलचक हिवाळ्यात, मागे दिवा लागला की देवाच्या माथ्यावरून उजेड फुटत असणार. दुसरा अधिकारी अउलुस क्लुएन्तियुस हाबितुस. त्याने आपलं मूळ गावही लिहिलं आहे, इटलीतलं लारिनुम. ख्रिस्तपूर्व 66 मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसरोने रोमच्या न्यायालयात ज्याची बाजू लढवली, त्याचंही नाव अगदी हेच आणि गावही हेच. जुन्या घराण्यातला मुलगा साम्राज्याच्या शेवटच्या कडेला, ऱ्हाइनच्या मुखाकडच्या बटावियन लोकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीवर नेमला गेला, आणि नवस फेडताना त्याला घर आठवलं.

या खोलीपासून हाकेच्या अंतरावर कोव्हेन्तिना देवीचा झरा होता. 1876 मध्ये त्याच्या हौदातून 13,000 हून अधिक नाणी निघाली, शिवाय अंगठ्या, मणी आणि पिना. तिथे कुणालाही जाता येत होतं. सैनिकांच्या बायका, किल्ल्याबाहेरच्या वस्तीतल्या मुली, म्हाताऱ्या, सगळ्यांना. मिथ्रासच्या दारात मात्र वीस-तीस पुरुषच. मला वाटतं, या पंथाची ऊब आणि त्याचा शेवट दोन्ही याच दारात आहेत. जिथे आई मुलाला घेऊन येत नाही, जिथलं गाणं घरी गुणगुणलं जात नाही, तिथली परंपरा पलटणीच्या बदलीबरोबर हलते आणि पलटण मोडली की थांबते.

वरच्यांचा आश्रय मिळाला नाही असं नाही. 308 मध्ये कार्नुन्तुमला सम्राटांची मोठी बैठक भरली तेव्हा त्यांनी मिथ्रासचं एक देऊळ दुरुस्त करवून त्याला आपल्या सत्तेचा पाठीराखा म्हटलं. पण त्याच शतकात वारं फिरलं. 370 च्या दशकात रोमचा नगरप्रमुख ग्राक्खुस याने मिथ्रासची एक गुहा मूर्तींसकट फोडली, हे संत जेरोम एका पत्रात कौतुकाने सांगतो, आणि सांगताना सातही पायऱ्यांची नावं देतो. त्या नावांचा पक्का क्रम आपल्याकडे पोचला तो मुख्यतः या विरोधकामुळे. प्रेतेक्सतातुससारखे रोमचे काही जुने सरदार तेवढे शेवटपर्यंत ‘पित्यांचा पिता’ अशा पदव्या मिरवत राहिले. त्यांच्या लेखांत मिथ्रास इतर दहा पदांच्या रांगेत येतो. प्रुदेन्स आणि फेलिक्सच्या दगडांतली ओढ मला तिथे सापडत नाही.

रोममध्ये अवेन्तिन टेकडीवर सांता प्रिस्का चर्चच्या खाली अशीच एक गुहा आहे. भिंतींवर सातही पायऱ्यांचे भक्त रांगेने चालताना रंगवले आहेत आणि प्रत्येक पायरीला उद्देशून ‘नामा’ असं वंदन लिहिलं आहे. तिथेच कुणीतरी भिंतीवर एक तारीख ओरखडली आहे, 20 नोव्हेंबर 202, शनिवार, आणि लिहिलं आहे: पहिल्या उजेडाला जन्मलो. ही कुणाच्या तरी दीक्षेची नोंद असावी.

तुम्ही लंडनला गेलात तर बँक स्टेशनजवळ, रस्त्यापासून सुमारे सात मीटर खाली, तिथलं मिथ्रासचं देऊळ बघता येतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ आधी नोंदवून ठेवावी. कॅराबर्गच्या मूळ वेद्या न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यासमोर गेलात तर अक्षरं जरूर बघा. शेवटी व्ही, एस, एल, एम अशी चार अक्षरं असतात. त्यांचा अर्थ, नवस खुशीने फेडला, देव त्याला पात्र होता. त्या चार अक्षरांच्या वर ज्याचं नाव असेल ते एकदा मोठ्याने वाचा.